टोमॅटोला भोकं, पानांवर जाळी आणि शेडमध्ये साप: आधी टॉर्च, मग औषध

पत्र असं आलंय:

"मावशी, मी आणि आमचे हे, दोघं मिळून अर्ध्या एकरात भाजीपाला करतो, दुसरंच वर्ष आहे. यंदा उन्हाळ्यात पार वाट लागलीये. टोमॅटो लाल व्हायला लागला की त्याला भोक पडलंच समजा. काकडीची पानं पिवळट, ठिपके ठिपके, खालून बारीक जाळं, दोनदा कडक औषध मारलं तर उलट आणखी पसरलं. वांग्याची नवीन रोपं सकाळी बघावं तर जमिनीलगत कापून आडवी पडलेली. घेवड्यावर मावा आहे आणि त्या माव्यात काळे-केशरी काटेरी घाणेरडे किडे फिरत असतात, ते दिसले की मी चिरडून टाकते. आणि आता शेडमध्ये साप दिसला. उंदीर तर आहेतच. हे म्हणतात उंदरांना विष ठेवू आणि सापाला एकदाचा मारून टाकू. (शिवाय पाण्याच्या टाकीत रोज मधमाश्या मरून पडलेल्या असतात, परवा एक खारसुद्धा बुडाली होती.) कुठून सुरुवात करू तेच कळत नाहीये. — हैराण बागवाली"

अगं हैराण बागवाली,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तू कंसात टाकलंयस. मी पत्र वाचत वाचत टाकीपाशी आले आणि मनात म्हटलं, हं, इथे आहे गोची. मधमाश्या काय, खार काय, आणि मला तर वाटतं निम्म्या टोमॅटोला चोची मारणारे पण, सगळे तुझ्याकडे खायला नाही, प्यायला येतायत. आजूबाजूला सगळं वाळून कोळ झालेलं आणि मधोमध तुझा अर्धा एकर हिरवागार, रोज पाणी मिळणारा, खाली सावली, माती ओली, मग जाणार कुठे बाकीचे? त्यांच्यापुरतं ते हॉटेलच आहे, तेही चोवीस तास उघडं.

त्यात किडे म्हणजे थंड रक्ताचे, जितकं ऊन जास्त तितकी त्यांची गाडी फास्ट, एका मर्यादेपर्यंत. थंडीत जी पिढी तयार व्हायला महिना लागतो ती उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत तयार होते. म्हणून तुला वाटतं की काल काहीच नव्हतं आणि आज अचानक सगळं आलं. अचानक नसतं गं, तीन आठवडे आधीपासून पानाखाली चाललेलं असतं, आपण पान उलटं करून बघत नाही एवढंच.

तर पहिलं काम हे, की आठवडाभर काहीही मारायचं नाही. औषध नाही, विष नाही, साप तर नाहीच नाही. यांनाही सांग. तीन रात्री जेवणं झाली की एकदा नऊ-दहाच्या सुमाराला आणि एकदा उजाडायच्या आधी, टॉर्च घेऊन बागेत चक्कर मारायची, पायात बूट घालून, चप्पल चालणार नाही. कोण कुठे काय करतंय ते फक्त बघायचं, जमलं तर मोबाइलवर फोटो काढायचा. दिवसा आपल्याला दिसतं ते नुकसान, चोर रात्री दिसतो. तू ज्या पाच गोष्टी लिहिल्यास त्यातले चोर किमान चार वेगवेगळे आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही, उलट एकाच्या औषधानं दुसरा वाढतो. तुझ्या काकडीवर नेमकं तेच झालंय.

काकडीचंच आधी सांगते, कारण तिथे घाई आहे. पिवळट ठिपके, खालून बारीक जाळं, म्हणजे लाल कोळी असणार. खात्री करायची असेल तर पानाखाली पांढरा कागद धर आणि पानाला टिचकी मार, कागदावर मिरीपूड सांडल्यासारखे ठिपके पडतील, दहा सेकंद बघत राहा, ठिपके चालायला लागले तर तेच. आता हा कोळी म्हणजे कीटक नव्हे बरं का, आठ पायांचा आहे, आपल्या घरातल्या कोळ्याचा चुलतभाऊ. त्यामुळे कीटकांसाठीची बरीच औषधं त्याला नीट लागतच नाहीत. त्यातून तो इतका चिवट की जगभरात 90 हून जास्त औषधांना दाद न देणारे लाल कोळी सापडल्याच्या नोंदी आहेत. पण त्याला खाणारे जे छोटे शिकारी कोळी आणि किडे त्याच पानावर असतात ना, ते बिचारे पहिल्याच फवारणीत साफ होतात. म्हणजे तू दोनदा कडक औषध मारलंस आणि दोन्ही वेळा पोलिसांना उडवलंस, चोर तसाच राहिला.

हे काही तुझ्याच हातून झालं असं नाही. डीडीटीनं किडे मरतात हे पॉल म्युलरनं 1939 मध्ये शोधलं, 1948 मध्ये त्याला त्यासाठी नोबेल मिळालं, आणि त्याच सुमाराला सफरचंदाच्या बागांमध्ये डीडीटी मारल्यावर लाल कोळी असा काही बोकाळला की आधी ज्याला कोणी विचारत नव्हतं तो मुख्य शत्रू होऊन बसला. कारण तेच, शिकारी मेले. नोबेलवाल्या औषधाचं असं होतं तर आपण कोण.

मग करायचं काय, तर पाणी. साधं पाणी. लाल कोळ्याला गरम, कोरडी, धुळकट हवा आवडते, ओलावा आवडत नाही. सकाळी लवकर पाइपला बारीक नोझल लावून पानांच्या खालच्या बाजूला, परत सांगते खालच्या बाजूला, जोरात फवारा मारायचा, एक दिवसाआड, दोन आठवडे. जाळी तुटतात, कोळी खाली पडतात, त्यातले बरेच परत वर चढू शकत नाहीत. सकाळी अशासाठी की दिवसभरात पानं वाळली पाहिजेत, रात्रभर ओली राहिली की मग बुरशीचं दुसरं लफडं सुरू होतं. रस्त्याच्या बाजूचा वाफा असेल तर तिथे धूळ जास्त बसते, तिथूनच सुरुवात झालेली असेल बघ. फार पिवळी पडलेली खालची पानं काढून पिशवीत बांधून टाक, कंपोस्टमध्ये नको.

एवढ्यानं नाही भागलं तर झाडांवर फवारायचा पोटॅश साबण मिळतो तो, लिटरला दहा ते वीस मिली. भांड्यांचं लिक्विड नको, त्यानं पानं जळतात. आणि हे सगळं ऊन उतरल्यावर. मी एकदा घाईघाईत भर दुपारी साबणपाणी मारलं होतं, म्हटलं पाच मिनिटांचं काम आहे उरकून टाकू, दुसऱ्या दिवशी आख्खा वेल इस्त्री लागल्यासारखा, कडा तपकिरी आणि कुरकुरीत. कोळी जेवढं नुकसान महिन्यात करतात तेवढं मी एका दुपारी केलं. त्यामुळे आधी चार पानांवर मारून बघ, एक दिवस थांब, काही झालं नाही तरच बाकीच्यांवर. साबण फक्त अंगाला लागला तरच मारतो आणि अंड्यांना फारसं काही करत नाही, म्हणून पाच-सात दिवसांनी परत मारावा लागतो. गंधकाची पावडर पण चालते लाल कोळ्यावर, पण तुझ्याकडे तापमान 32 अंशांच्या वर जात असेल तर तिच्या वाटेला जाऊ नकोस, पानं भाजतात, आणि तेलाचा फवारा मारून दोन आठवडे झाले नसतील तरीही नको.

आता घेवड्याकडे ये. इथे मी जरा डोक्याला हात लावला, रागावू नकोस. ते काळे-केशरी काटेरी लांबोडके, मगरीच्या पिल्लासारखे दिसणारे किडे जे तू चिरडतेयस, ती ढालकिड्याची पिल्लं आहेत. तोच तो लाल पाठीवर काळे ठिपके असलेला गोल गोंडस किडा, मुलं हातावर घेतात तो. लहानपणी तो असा भयंकर दिसतो की भलेभले फसतात. एक पिल्लू मोठं होईपर्यंत काहीशे मावा फस्त करतं, आईबापांपेक्षा पोरंच जास्त खादाड. मावा कसा वाढतो माहितीये का, उन्हाळ्यात सगळ्या माद्या, नराची गरजच नाही, अंडी नाहीत, थेट जिवंत पिल्लं, आणि त्या पिल्लांच्या पोटात त्यांची पिल्लं आधीच तयार व्हायला लागलेली असतात. आठवड्याभरात लेक आई होते. असल्या कारखान्याला पुरून उरणारं तुझ्या बागेत कोणी असेल तर ते तू चिरडलेले केशरी ठिपकेवालेच.

पण यात एक घोळ आहे, तो पण सांगते, नाहीतर उद्या तू सगळ्यांनाच सोडशील. वांग्याच्या पानांवर पिवळी, अंगभर फांद्याफांद्यांचे काटे असलेली गुबगुबीत पिल्लं दिसली आणि पान चाळणीसारखं, नुसत्या शिरा उरल्यासारखं झालेलं असेल, तर ती दुसरी जात, ती पानंच खाते. तिचे आईबाप पण ढालकिड्यासारखेच ठिपकेवाले, फक्त मळकट तांबूस, चमक नाही, बारीक लव असलेले, आणि ठिपके पण बरेच, बारा किंवा अठ्ठावीस. त्यांना मात्र खुशाल वेचून साबणपाण्याच्या डब्यात टाक. फरक लक्षात ठेवायची सोपी युक्ती म्हणजे किड्याकडे बघायच्या आधी पानाकडे बघ. पान खाल्लेलं असेल आणि आसपास मावा नसेल तर शत्रू, पान शाबूत आणि मावा असेल तर मित्र.

आणि देठावर मुंग्यांची रांग दिसतेय का बघ. मुंग्या माव्याचा गोड चिकट रस पितात आणि त्या बदल्यात राखण करतात, ढालकिड्याच्या पिल्लांना अक्षरशः हाकलून लावतात. मुंग्या तोडल्यास की निम्मं काम झालं. वेलाच्या आधाराच्या काठ्यांना चिकटपट्टी गुंडाळ, मुंग्यांना वर जायची वाट बंद. मावा फारच असेल तर शेंडे बोटांनी पुसून काढ, ओल्या फडक्यानं, तेवढं पुरतं. मोठ्या अळीच्या पाठीवर तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे कोष चिकटलेले दिसले तर त्या अळीला पण हात लावू नकोस, तिच्यावर आधीच एका बारीक गांधीलमाशीच्या जातीनं हक्क सांगितलेला असतो, ती काही आता फार खात नाही आणि त्या कोषांतून बाहेर पडतील त्या माश्या पुढच्या अळ्यांची सोय बघतील.

वांग्याची रोपं. जमिनीलगत कापून आडवी पडलेली, आणि कापलेलं तिथेच पडलेलं, खाल्लेलं नाही, बरोबर? तू तसंच लिहिलंयस. म्हणजे देठ कुरतडणारी अळी. ही रात्री बाहेर येते, देठाला मिठी मारल्यासारखी गुंडाळते आणि कापते, आणि दिवसा त्याच रोपाच्या बुडाशी मातीत लपून झोपते. सकाळी पडलेल्या रोपाभोवती बोटानं इंचभर माती उकर, मळकट राखाडी, हात लागला की अंगाचा मुटका करणारी अळी सापडेल. सापडली की खेळ खलास, एकेक अळी एका रात्रीत तीन-चार रोपं पाडते, म्हणून चार अळ्या सापडल्या तरी वाफा वाचतो. नव्या रोपाला कागदी कपाचा तळ कापून कॉलर घाल, इंचभर मातीत, दोन इंच वर. हसू येईल इतका साधा उपाय आहे, पण तिला देठाला वेढा घालता येत नाही, विषय संपला. दोन-तीन आठवड्यांत देठ जाड झालं की काढून टाक.

रोपाचा वरचा भाग गायबच असेल तर मात्र ती अळी नाही, मग देठाचा काप बघ. सुरीनं तिरका कापल्यासारखा स्वच्छ असेल तर ससा, त्याचे पुढचे दात वर-खाली दोन्हीकडे धारदार असतात. ओढून तोडल्यासारखा, चिंध्या झालेला असेल तर हरीण किंवा कोणाची तरी मोकाट शेळी, कारण यांना वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात, ती धरून हिसडा मारतात. सशाला दोन-अडीच फूट उंचीची बारीक जाळी पुरते, फक्त खालची वीतभर जाळी बाहेरच्या बाजूला वळवून जमिनीवर आडवी गाडायची, नाहीतर तो खालून उकरून येतो. हरणाला आठ फुटांचं कुंपण लागतं, त्याचा खर्च अर्ध्या एकराला परवडतो का ते तुम्ही बघा, मी तरी फक्त रोपवाटिकेचा कोपरा बंद करीन. आणि काहीही झालं तरी कुंपणाच्या तारेत मेन लाइनचा करंट सोडायचा नाही, कोणी कितीही म्हणालं तरी. त्यात जनावर मरतं, शेजाऱ्याचं पोर मरतं, आणि बऱ्याचदा सोडणारा स्वतःच मरतो.

टोमॅटो. नुसतं भोक म्हणालीस, पण भोका-भोकात फरक असतो बाई. गोल, पेन्सिलनं पाडल्यासारखं भोक, कडेला ओली विष्ठा, आणि अळी अर्धी आत अर्धी बाहेर, तर ती फळ पोखरणारी अळी. वरून टाचणी टोचल्याएवढीच खूण, तिथून रस गळतोय आणि कापलं की आत पांढऱ्या बारीक अळ्या वळवळतायत, तर फळमाशी. दोन-दोन दातांच्या समांतर खाचा आणि खालच्या बाजूनं कुरतडलेलं, तर उंदीर. आणि वरच्या बाजूला, उन्हाकडे, त्रिकोणी खोलगट टोचा, एकाच फळाला एक-दोन टोचा मारून लगेच पुढच्या फळावर, आख्खं फळ कधीच नाही, तर पक्षी, आणि तेही तहानलेले. ज्याला भूक आहे तो एक फळ धरून संपवतो, ज्याला तहान आहे तो प्रत्येकाचा एकेक घोट घेतो.

माझा संशय पक्ष्यांवर जास्त आहे, कारण तू "लाल व्हायला लागला की" असं लिहिलंयस, आणि पोखरणारी अळी हिरव्यालाही सोडत नाही. तर बागेच्या कडेला, टोमॅटोपासून लांब, सावलीत, उथळ परातीत पाणी ठेव, दोन बोटं खोल, मध्ये एक दगड. जवळच झुडूप हवं म्हणजे मांजर आलं तर उडून बसायला जागा. पाणी दोन दिवसांनी बदलायचं, उन्हाळ्यात डासाचं अंडं आठवड्याभरात डास होतं. आठवडाभरात टोचा कमी झालेल्या दिसतील. शून्य होतील असं मी म्हणत नाहीये, कारण एकदा टोमॅटोची चव कळली की काही जण सोडत नाहीत. त्यांच्यासाठी दुसरी युक्ती, फळाला पहिला गुलाबी डाग दिसला की तोडून घरात ठेव, तो छान पिकतो, त्याला उन्हाची गरज नसते.

जाळी लावणार असशील तर भोकं बघून घे. मोठ्या भोकांची, सैल, नायलॉनची स्वस्त जाळी अजिबात नको, त्यात पक्षी, पाली, आणि साप सगळ्यात जास्त, अडकून उन्हात मरतात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात सप्टेंबर 2021 पासून घरच्या फळझाडांवरच्या जाळीचं भोक 5 मिलिमीटरपेक्षा मोठं नको असा नियमच आहे. टेस्ट सोपी, करंगळी आत गेली नाही तर जाळी चांगली, आणि ती फ्रेमवर ताणून लावायची, झाडावर नुसती फेकायची नाही. बुजगावण्याचं म्हणशील तर पक्षी चार दिवसांत त्याच्या डोक्यावर बसतात. रोज जागा बदललीस तर जरा जास्त चालेल.

आणि पक्ष्यांना पार हाकलूनच द्यायचं डोक्यात असेल तर चीनचं आठव. 1958 मध्ये तिकडे चिमण्या धान्य खातात म्हणून देशभर मोहीम काढली, लोक भांडी बडवून बडवून त्यांना बसू देईनात, दमून पडेपर्यंत. चिमण्या गेल्या आणि किडे वाढले, कारण चिमणी पिल्लांना किडेच भरवते. 1960 मध्ये शत्रूंच्या यादीतून चिमणीचं नाव काढून तिथे ढेकूण घातला.

अळी निघालीच टोमॅटोत, तर बीटी म्हणून जिवाणूंची पावडर मिळते ती वापर. 1901 मध्ये जपानमध्ये इशिवाता नावाच्या माणसाला रेशमाच्या मेलेल्या अळ्यांत हा जिवाणू सापडला, म्हणजे एकाचं दुखणं ते दुसऱ्याचं औषध. अळीनं तो खाल्ला तरच चालतो, मधमाशीला, ढालकिड्याला, आपल्याला काही करत नाही, लहान अळ्यांवर छान चालतो, एकदा फळात शिरलेल्या जाड्या अळीवर नाही. उन्हात दोन-तीन दिवसांत निकामी होतो म्हणून संध्याकाळी मारायचा. फळमाशी असेल तर खाली पडलेलं एकेक फळ रोज उचल, काळ्या पिशवीत गच्च बांधून उन्हात ठेव, अळ्या आतच शिजतात. फळ तसंच पडू दिलंस तर अळ्या मातीत शिरून कोष करतात आणि पुढच्या आठवड्यात परत हजर.

आता सापाचं आणि तुझे हे म्हणतात त्या उंदरांच्या विषाचं, ते एकत्रच बोलायला पाहिजे, कारण ते दोन प्रश्न नाहीतच. साप शेडमध्ये का आला? उंदीर आहेत म्हणून. उंदीर का आहेत? दाणा, कचरा, अडगळ आणि पाणी आहे म्हणून. तुम्ही साप मारलात तर उंदीर राहतील, आणि उंदीर राहिले की दुसरा साप येईल, या वेळी कदाचित विषारी.

विषाचं सांगते. हल्लीच्या बहुतेक उंदीरनाशकांनी रक्त गोठायचं थांबतं. मूळ गोष्ट गाईगुरांपासून सुरू झाली, खराब झालेला क्लोव्हर गवताचा चारा खाऊन उत्तर अमेरिकेत जनावरं आतल्या आत रक्त वाहून मरायला लागली, त्यातून संशोधन होत होत 1948 मध्ये वॉरफरिन बाजारात आलं. नंतरची त्याची भावंडं फार जहाल. उंदीर खाऊन लगेच मरत नाही, तीन-चार दिवस, कधी आठवडा जातो, तेवढ्यात तो आणखी खातो, सुस्त होतो, दिवसाढवळ्या झिंगल्यासारखा फिरतो. आणि असा सोपा उंदीर उचलायला कोण येतं? घुबड, मुंगूस, तुमचं कुत्रं, शेजारचं मांजर. यातली काही विषं शरीरात, विशेषतः लिव्हरमध्ये, महिनोन्महिने राहतात. एक गव्हाणी घुबडाची जोडी पिल्लं असताना वर्षाला हजाराच्या वर उंदीर फस्त करते, इस्रायलमध्ये 1980 च्या दशकापासून शेतकरी मुद्दाम घुबडांसाठी पेट्या लावतायत, आणि आपण त्याच घुबडाला विष खायला घालायचं म्हणजे कमालच.

त्यापेक्षा शेड उपसा. एक आख्खा रविवार घाला त्यात. दाणे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, प्लॅस्टिक कुरतडतात. जमिनीवरची सगळी अडगळ फूटभर उंच फळीवर, म्हणजे खालून टॉर्च मारून आरपार दिसलं पाहिजे. भिंतीतली अर्ध्या इंचाच्या वरची सगळी भोकं सिमेंट आणि जाळीनं बंद. कंपोस्टमध्ये शिजवलेलं अन्न टाकत असशील तर आजपासून बंद. मग साधे खटक्याचे सापळे, भिंतीला चिकटून, काटकोनात. उंदीर नव्या वस्तूला घाबरतो, म्हणून पहिले चार-पाच दिवस सापळा न लावता नुसतं खाणं ठेवायचं, ते बिनधास्त खायला लागले की मग एका रात्री सगळे सापळे लावायचे. पहिल्याच रात्री लावलेस तर हुशार उंदीर शिकतात आणि मग जन्मात फसत नाहीत. चिकटणारे बोर्ड नकोत, त्याला पाली आणि चिमण्याच जास्त चिकटतात, आणि सोडवताना आपल्यालाच रडू येतं.

शेड उपसताना हात थेट अडगळीत घालायचा नाही, आधी काठीनं हलवायचं, जाड बूट, फुल पँट. साप दिसला तर मागे व्हायचं, त्याला वाट मोकळी ठेवायची, गेला नाही तर लांबून नजर ठेवून साप पकडायला शिकलेल्या माणसाला बोलवायचं. माणसं चावून घेतात त्यातली बरीच साप मारताना नाहीतर धरताना. डांबराच्या गोळ्या टाकू नका, सापाला त्यानं फरक पडत नाही, मातीत मात्र विष जातं. आणि देव न करो कोणाला चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, अंगठी-बांगडी काढायची, हात किंवा पाय फळीला बांधून हलू द्यायचा नाही आणि सरळ हॉस्पिटल, साप मारून सोबत न्यायची पण गरज नाही. जगात दर वर्षी सर्पदंशानं 81,000 ते 1,38,000 माणसं जातात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यातली कित्येक वाटेतल्या उशिरानं जातात. जवळच्या कुठल्या हॉस्पिटलमध्ये प्रतिविष ठेवतात ते आज फोन करून विचारून ठेव, उद्या नको.

आता टाकी. मधमाश्या पाणी नुसतं पिण्यासाठी नेत नाहीत, पोळ्यात थेंब थेंब पसरून पंखांनी वारा घालतात, आपल्या कूलरसारखं, पिल्लांच्या खणांत 34-35 अंश टिकवायला. त्यामुळे ऊन जितकं कडक तितक्या खेपा जास्त. एकदा एक जागा ठरली की त्या तिथेच येत राहतात, म्हणून आधी त्यांना दुसरी सोय कर, गोटे भरलेली ताटली, गोट्यांच्या डोक्याएवढंच पाणी, टाकीच्या शेजारीच ठेव आणि मग रोज हातभर लांब सरकव. ती कधीच कोरडी पडता कामा नये, एक दिवस कोरडी राहिली की सगळ्या परत टाकीवर. तुझी काकडी आणि भोपळा त्यांच्याच जिवावर आहेत, सकाळी फुलं उघडली की बघ त्यांची धावपळ, आणि म्हणूनच साध्या पाण्याचा फवारा सोडून फवारणी काहीही असो, सूर्य मावळल्यावर.

टाकीवर बारीक जाळीचं झाकण टाकता आलं तर उत्तमच. नाही जमलं तर खारीसाठी एक खडबडीत फळी तिरकी लाव, वरून गोणपाट गुंडाळून. तरंगती फळी नको, खार चढायला गेली की ती गोल फिरते आणि खार परत पाण्यात. खालचं टोक तळाला टेकलेलं पाहिजे, कारण उन्हाळ्यात टाकीतलं पाणी रोज खाली जातं, आणि परवाची खार बुडाली ती पाणी जास्त होतं म्हणून नाही, काठ हाताला लागेना म्हणून.